महिलांकरिता मोरी

नगरपालिकेची मासिक सभा दर महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी भरायची, आणि दर महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी सरू निरगुडा आधी मोळी विकायची आणि मग सभेला जायची. उंबरपाड्यापासून कात्रपपर्यंत तासाभराची चाल. मोळी गेली की रस्त्याकडेच्या नळावर पाय धुवायचे, डोक्यावरची चुंबळ पिशवीत कोंबायची, पदर सारखा करायचा आणि नगरसेविका होऊन सभागृहात बसायचं.

वॉर्ड आदिवासी महिलेसाठी राखीव निघाला, तेव्हा अख्ख्या पाड्यात सही करता येणारी बाई ती एकटीच होती. सही तिला कुमुदिनीबाईंनी शिकवली होती. कुमुदिनीबाई कात्रपच्या निवृत्त मास्तरीण. त्यांच्याकडे सरूने अकरा वर्षं धुणंभांडी केली होती. गंमत अशी, की त्याच निवडणुकीत बाईही कात्रपमधून निवडून आल्या. निकालाच्या दुसऱ्या दिवशी त्यांनी सरूला खुर्चीवर बसवलं, पेढा दिला आणि म्हणाल्या, "सरू, आता तू माझी सहकारी सदस्य. सहकारी सदस्याकडून भांडी कशी घासून घेऊ?" निवडून आल्याचा पहिला फायदा म्हणजे सरूचं काम सुटलं.

सहा महिने सरू सभेत गप्प बसली. हजेरीवर सही करायची, चहा प्यायचा, दोन खारी बिस्किटं मिळत त्यातलं एक खायचं आणि एक सासूसाठी पदरात बांधायचं. संध्याकाळी गोदूबाई ओट्यावर वाट बघत बसलेली असायची.

"काय ठराव झाला गो?"

"खारं बिस्कीट," सरू म्हणायची आणि पदराची गाठ सोडायची.

पण शहाण्णवच्या फाल्गुनात असं काही घडलं, की सरूला तोंड उघडणं भाग पडलं. पाड्याच्या वरच्या अंगाला, वहाळाच्या काठावर, मुंबईच्या कुणीतरी दोन मजली बंगला बांधला होता. शनिवार-रविवार मोटारी यायच्या, गच्चीत खुर्च्या पडायच्या. गच्चीच्या बरोब्बर खाली वहाळातला डोह, आणि त्या डोहाच्या खडकांवर पाड्यातल्या बायका पिढ्यान् पिढ्या आंघोळ करत आलेल्या. अंगावरच्या लुगड्यासकटच बसायचं, वरून पाणी घ्यायचं, ओल्या लुगड्याआडच कोरडं गुंडाळायचं. अशी ती आंघोळ. एका रविवारी गोदूबाई खडकावर बसलेली असताना गच्चीतून एकाने तिचा फोटो काढला. काढून झाल्यावर हात हलवून हसलासुद्धा.

गोदूबाई सत्तरीची. ओल्या लुगड्यानेच घरी आली आणि त्या दिवसापासून डोहावर जायची बंद झाली. घराच्या मागे, बैलाच्या आडोशाला, दोन तांबे अंगावर घ्यायची. बैल हलला की तिची आंघोळ संपली. सरूला ते बघवेना.

"औंदा सभेत बोलायचंच," तिने नवऱ्याला सांगितलं.

देऊ राबासाठी पालापाचोळा पसरत होता. भाताच्या रोपाची जागा भाजायची होती, वारा पडायची वाट बघत होता. "काय मागनार?"

"न्हाणी. बायकांसाठी."

"न्हाणी म्हनशील तं हसतील. त्यांना न्हाणी म्हंजे काय ते कलायचं न्हाय. शहराचा शब्द सांग."

हा देऊचा सल्ला. पुढचं सगळं रामायण या सल्ल्यातून घडलं, पण देऊ आजही ते कबूल करत नाही.

सरूने वाटभर विचार केला. कुमुदिनीबाईंच्या घरी जिथे ती भांडी घासायची, तिथे फरशी होती, नळ होता, पाणी जायला भोक होतं, चारी बाजूंनी भिंती होत्या आणि दाराला आतून कडी होती. त्या जागेला बाई म्हणायच्या मोरी. शहराचा शब्द मिळाला.

सभेत ऐनवेळचे विषय निघाले तेव्हा ती उभी राहिली. सगळं सभागृह वळून बघायला लागलं. नेमक्या त्या दिवशी कुमुदिनीबाई पुण्याला मुलीकडे गेल्या होत्या, नाहीतर घोटाळा तिथेच मिटला असता.

"आमाला मोरी पायजे," सरू एका दमात म्हणाली. "बायकांचे लई हाल होतात."

अध्यक्षांना सगळे अण्णा म्हणत. माणूस मोकळा, पण घाईचा. "कुठे पाहिजे मोरी?"

"वहाळावर."

"हां, वहाळावर पाहिजेच. किती दिवसांची गैरसोय आहे?"

"जलमापासून."

"पावसाळ्याच्या आत व्हायला हवी, नाही का?"

"पावसात तं इचारूच नका."

"चिंतामणी, लिहून घ्या. मंजूर!"

हेडक्लार्क चिंतामणी यांचं अक्षर मोत्यासारखं आणि कान साफ. जे ऐकलं ते त्यांनी लिहिलं: उंबरपाडा येथील महिलांकरिता मोरी बांधणे. टेबलं वाजली. सरू खाली बसली. त्या दिवशी दोन्ही बिस्किटं तिने पदरात बांधली.

आठवड्याने हरिचंद्र ओव्हरसियर मोजमापाला आला. सरू मोळी घेऊन गेलेली. देऊ राब भाजून काळाठिक्कर पडून उभा होता, डोळ्यांत धूर गेलेला.

"नगरसेविकांचं घर हेच का? मोरीची जागा दाखवा."

देऊने त्याला वहाळावर नेलं. पाड्याकडे येणारी गाडीवाट जिथे वहाळात उतरते, तिथे हरिचंद्र थांबला आणि टेपचं एक टोक देऊच्या हातात दिलं. देऊने ते काठावर इमानेइतबारे धरलं.

"पावसात पाणी किती येतं?"

"छातीला लागतं."

"बापरे. मग तीन तरी लागतील."

देऊला आनंद झाला. एक मागितली, तीन मिळतात! संध्याकाळी त्याने सरूला सांगितलं, "साहेब लई चांगला मानूस हाय. तीन मोऱ्या देतो बोलला. पन एक कललं न्हाय. पानी किती खोल ते कशाला इचारलं?"

"आंघोळीला पानी पुरंल का ते बघत असंल," सरू म्हणाली. दोघांनाही ते पटलं.

एप्रिलच्या शेवटी, भर दुपारी, ट्रक आला. पाड्यातली सगळी माणसं घराबाहेर आली. ट्रकवर सिमेंटचे तीन अजस्र नळे होते, चार चार फूट तोंडाचे, माणूस आडवा होऊन वर दोन हात उरतील एवढे लांब.

"मॅडम का गाँव यही है ना?" ड्रायव्हरने खाली उडी मारली. "मोरी का माल है. कहाँ उतारूँ?"

सरू हातातली करवंदांची पाटी तशीच धरून उभी राहिली. माल फळ्यांवरून, दोरांनी धरून, धाडधाड खाली आला. तिन्ही नळे वाटेच्या कडेला उताराला रांगेत पडले आणि ट्रक धूळ उडवत निघून गेला. मग पाडा हसायला लागला. पुरुष पोट धरून हसले. कुणी नळ्याच्या तोंडाशी जाऊन हाक मारली, आतून हाक घुमून आली, तसे आणखी हसले.

"तुजी मोरी आली बघ!" देऊसुद्धा हसला. सरूने त्याच्याकडे असं बघितलं, की त्याला एकदम राबाची राख सारायची आठवण झाली.

हसली नाही ती गोदूबाई. ती काठी टेकत आली, नळ्यात डोकावली, आतल्या सिमेंटवरून हात फिरवला. उतार कुठल्या बाजूला आहे ते बघितलं. घरी गेली, दोन गोणपाटं घेऊन आली, नळ्याच्या दोन्ही तोंडांना काट्या रोवून लावली. एक सपाट दगड आत सारला. मग सरूला म्हणाली, "हंडा आन."

"आये, त्यात कशी आंघोळ करनार?"

"बसून. तू काय उभ्यानं करतेस?"

गोदूबाई वाकून आत शिरली. थोड्या वेळाने नळ्याच्या उताराकडच्या तोंडातून पाणी वाहत आलं आणि बायकांनी एकच कल्ला केला. दुसऱ्या दिवशी तिन्ही नळ्यांना गोणपाटं लागली. सकाळी हंडे रांगेत मांडलेले, नळ्यांवर लुगडी वाळत टाकलेली, आतून गप्पा घुमतायत. वारा आला की गोणपाट उडायचं आणि आतली किंचाळायची, म्हणून अंगावरचं लुगडं काही सुटत नव्हतं. पण गच्चीतून काही दिसत नव्हतं, हे काय थोडं होतं? सरूला वाटलं, ओव्हरसियरने डोकं लढवून काही नव्या तऱ्हेची मोरी काढली असेल. शहरात काय, रोज नवं निघतं.

पंधरा दिवसांनी हरिचंद्र पाच मजूर, पहारी आणि फावडी घेऊन नळे बसवायला आला. वाटेच्या वळणावरच तो थबकला. त्याच्या नळ्यांवर हिरवी-तांबडी लुगडी फडफडत होती.

"हे काय? काढा, काढा! माल बसवायचाय." त्याने पुढे होऊन एका नळ्यावर पहार वाजवली.

"कोन हाय रं मुडद्या?" नळा आतून गरजला. "बाईमानूस आंघोल करतंय दिसत न्हाय?"

हरिचंद्रने पहार टाकली आणि पाठ फिरवून उभा राहिला. मजूरही पाठ फिरवून उभे राहिले. गोदूबाईची आंघोळ यथासांग होईपर्यंत नगरपालिकेचं काम थांबलं होतं.

तेवढ्यात सरू धावत आली. हरिचंद्रने तिला बाजूला नेऊन समजावलं. मोरी म्हणजे वाटेखालून पाणी जायला केलेली वाट, ताई. छोटा पूल. नळे खाली, वर माती, त्यावरून गाडी. सगळ्या कागदांत मोरीचा अर्थ तोच. "तुम्ही काय समजलात?"

सरूने काय समजलं ते सांगितलं नाही. सांगायची गरजही नव्हती. हरिचंद्रने नळ्यांकडे बघितलं, लुगड्यांकडे बघितलं आणि कपाळाला हात लावला. माणूस मनाने वाईट नव्हता. हळूच म्हणाला, "एका पाड्याला वर्षाला एकच काम मिळतं. हे बसवलं की तुमचं काम संपलं. नको असेल तर मंगळवारी सभेत तसं सांगा, नळे परत नेतो. पण मग दुसरं काय मिळेल, मिळेल का, मी सांगू शकत नाही."

संध्याकाळी ओट्यावर पुरुष जमले. देऊ म्हणाला, "नळे जाऊ देऊ नको. पावसात वहाल चढला का चार चार दिस आमी कामाला जात न्हाय. मागल्या साली आजारी बुधाजीला झोलीत घालून नेला, आठव. चुकून का व्हयना, पूल आलाय."

सरूला ते खोटं म्हणता येईना. बुधाजीच्या झोळीचं एक टोक तिच्याच खांद्यावर होतं. पण आत चुलीपाशी गोदूबाई बसली होती. नळे वहाळात गेले, की सासू परत बैलाआड जाणार.

"आन सभेत काय सांगशील?" देऊ म्हणाला. "मना मोरी म्हंजे काय ठाव नव्हतं, असं सांगशील? बसशील तिथं परत?"

हे तिला जास्त लागलं. कारण हरिचंद्र गेल्यापासून तीही तेच घोकत होती.

मंगळवारी ती करवंदांची पाटी विकून सभेला गेली. हरिचंद्रकडून बातमी आधीच पोचलेली होती. सदस्य एकमेकांच्या कानाला लागून हसत होते. विषय निघाला तसा मागून एक जण म्हणाला, "अण्णा, बाईंना मोरी म्हणजे काय तेच माहीत नाही. नळ्यात आंघोळी चालल्यात!" सभागृह खो खो हसलं.

सरू उभी राहिली.

"चिंतामणीभाऊ, ठराव वाचा."

चिंतामणींनी चष्मा सावरला. "उंबरपाडा येथील महिलांकरिता मोरी बांधणे."

"महिलांकरिता," सरू म्हणाली. "वहालाचं पानी काय बाई-पुरुष बघून वाहतंय? पुलावरून काय नुसत्या बायाच जानार? तुमच्या कागदात बरोबर लिवलंय, अण्णा. वाचताना चुकलं."

अण्णांनी तोंडावर रुमाल धरला. चिंतामणींनी कागद पुन्हा वाचून पाहिला आणि मान हलवली.

"आन मना मोरी ठाव हाय," सरू पुढे म्हणाली. "अकरा वरसं मी मोरीत बसलेली हाय. फरशी असते, नळ असतो, भिंती असतात. दाराला आतून कडी असते. बाई आत गेली न् कडी लावली का जग बाहेर ऱ्हातं. आमच्या पाड्यात एका बाईनं जलमात अंगावरचं लुगडं सोडून आंघोल केलेली न्हाय. माज्या सासूनं न्हाय. मी न्हाय. ती मोरी मी मागितली."

आता कुणी हसत नव्हतं. तिसऱ्या खुर्चीवर कुमुदिनीबाई बसल्या होत्या. त्यांनी चष्मा काढून हातात घेतला होता.

"सरू," बाई सभा विसरून बोलल्या, "अकरा वर्षांत तू मला एकदाही सांगितलं नाहीस?"

"तुमी इचारलं न्हाय, बाई," सरू म्हणाली. त्यात राग नव्हता, जे होतं तेच तिने सांगितलं.

बाई उभ्या राहिल्या आणि वर्गात बोलायच्या त्या खणखणीत आवाजात म्हणाल्या, "अध्यक्ष महाराज, माझ्या वॉर्डात या वर्षी स्वागत कमान मंजूर आहे. ती रद्द करा आणि ते काम उंबरपाड्याला द्या. कमान नसली म्हणून आम्ही घरी जायचं थांबत नाही. नळे वहाळात बसू देत आणि सदस्या सरूबाईंची मोरीही होऊ दे. आणि चिंतामणी, या खेपेला नीट लिहा."

"काय लिहू?" चिंतामणी घाबरले.

बाईंनी सरूकडे बघितलं. "तुमच्याकडे काय म्हणतात गं त्याला?"

"न्हाणी," सरू म्हणाली.

"न्हाणी लिहा. दारासकट. आतून कडीसकट."

अण्णांनी मंजूर म्हणायच्या आधीच टेबलं वाजली. मघाशी मागून हसलेला तोही वाजवत होता. चहा आला तेव्हा कुमुदिनीबाईंनी आपल्या बशीतली दोन्ही बिस्किटं सरूच्या बशीत ठेवली.

मग पंधरा दिवस पाड्यात दुसरं काही सुचलं नाही. नळे वहाळात बसले, वर माती पडली. देऊने बैलगाडी तीन वेळा इकडून तिकडे नेली, तिकडे काही काम नसताना. न्हाणीसाठी विहिरीजवळची जागा बायकांनी स्वतः निवडली, गच्चीकडे पाठ करून. दगड पुरुषांनी फोडले, वाळू बायकांनी वाहिली, गवंडी नगरपालिकेचा. भिंती डोक्यावर हातभर गेल्या तेव्हा गवंडी म्हणाला, एवढी उंची कशाला? बायकांनी त्याला आणखी एक थर घालायला लावला. हरिचंद्र रोज यायचा, पण आता वळणावरूनच मोठ्यांदा खाकरायचा. शेवटच्या दिवशी पत्र्याचं दार बसलं. कडी त्याने स्वतः चार वेळा लावून काढून पाहिली.

सकाळी सगळ्या बायका हंडे घेऊन जमल्या. पहिला मान नगरसेविकेचा, असं सगळ्यांचं म्हणणं. सरूने सासूला पुढे केलं.

गोदूबाई आत गेली. कडी लागली. हंडा टेकल्याचा आवाज आला. बराच वेळ काहीच ऐकू आलं नाही. मग भिंतीवर एक हात दिसला आणि त्या हाताने अंगावरचं लुगडं भिंतीवर टाकलं. कोरडं, घडी केलेलं.

बाहेर एकीने दुसरीचा हात धरला. सरूने पदर तोंडाला लावला. हसू येतंय की रडू, तिचं तिलाच कळेना. आत पाणी वाजायला लागलं. तांब्यामागून तांब्या, अंग घासल्याचा आवाज, मध्येच म्हातारीचं गुणगुणणं.

अर्धा तास गेला. मागच्या बायका चुळबुळायला लागल्या. सरूने दारावर हलकेच टकटक केली.

"आये, बरी हायस ना?"

"सरू," आतून आवाज आला, "माजी पाठ गावली गो. सत्तर वरसं कुठं होती काय जाने."

बाहेर हशाचा लोट उठला. कडी निघाली, दार बोटभर उघडलं आणि फटीतून रिकामा हंडा बाहेर आला.

"भरून आन," गोदूबाई म्हणाली, आणि परत कडी लावली.